मॅनेज्ड स्विचवर ट्रॅफिकला प्रायॉरिटी कशी लावायची: आधी रांग कुठे लागते ते शोधा

मॅनेज्ड स्विचमध्ये (ज्याची सेटिंग बदलता येते असा नेटवर्क स्विच) लॉगिन केलं, मेनूत क्यूओएस (क्वालिटी ऑफ सर्व्हिस, म्हणजे कुठलं ट्रॅफिक आधी सोडायचं ते ठरवणारी सेटिंग) दिसलं म्हणून आत गेलो, तर समोर आठ रांगा, चौसष्ट नंबरांचा तक्ता, ट्रस्ट मोड, शेड्युलर, वेट, आणि यातलं काय केल्यावर काय होतं ते कुठेच लिहिलेलं नाही. पहिल्यांदा बसणारे बरेचजण इथूनच परत फिरतात. काहीजण दोन-चार चेकबॉक्स टिक करून अप्लाय दाबतात आणि मग नेटवर्कवर चालणाऱ्या फोनचा आवाज आधीपेक्षाही जास्त तुटायला लागतो. तसं का होतं ते पुढे सांगतोच.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या. क्यूओएस लावल्याने स्पीड वाढत नाही. १ गिगाबिटची लिंक १ गिगाबिटचीच राहते. स्विच फक्त एवढंच ठरवतो की एका पोर्टातून बाहेर पडायला गर्दी झाली तर आधी कोण जाणार, कोण थांबणार आणि जागा संपली तर कोण फेकलं जाणार. गर्दीच नसेल तर प्रायॉरिटीला काही कामच नाही, मग तुम्ही कितीही सुंदर कॉन्फिगर करा. आणि ही गर्दी होते बाहेर जाणाऱ्या पोर्टवर, आत येणाऱ्या पोर्टवर नाही. पाच पीसी प्रत्येकी १ गिगाबिटने आत ढकलतायत आणि सगळ्यांना एकाच १ गिगाबिटच्या अपलिंकमधून (पुढच्या स्विचकडे किंवा राउटरकडे जाणारी केबल) जायचंय, तर रांग लागणार त्या अपलिंकच्या तोंडाशी.

रांग नक्की कुठे लागते

सगळ्यात जास्त वेळ मी इथे घालवतो आणि तुम्हीही घालवा, कारण ही पायरी चुकली की पुढचं सगळं म्हणजे आजार रेड्याला आणि औषध पखालीला.

माझंच उदाहरण सांगतो. दोन मजले, प्रत्येक मजल्यावर एक स्विच, मध्ये एकच गिगाबिट केबल. वरच्या स्विचवर फोन आणि बॅकअपचा सर्व्हर, खालच्या स्विचवर पीसी, राउटर आणि फोनचा सर्व्हर. तक्रार अशी की दुपारी कॉलवर समोरच्याचा आवाज तुटतो, पण आपलं बोलणं त्याला स्वच्छ ऐकू जातं. मी वरच्या स्विचवर गेलो, फोनच्या सगळ्या पोर्टना प्रायॉरिटी दिली, अपलिंकवर रांगा लावल्या, सेव्ह केलं आणि खूश होऊन निघालो. काडीचाही फरक पडला नाही. दोन दिवसांनी डोक्यात प्रकाश पडला की खालचे पीसी दुपारी बॅकअप घेतात, तो डेटा खालून वर जातो, म्हणजे रांग लागतेय खालच्या स्विचच्या अपलिंक पोर्टवर, आणि त्या स्विचला तर मी हातच लावला नव्हता. आवाज एकाच बाजूने तुटत होता हाच खरं म्हणजे पुरावा होता, मी बघितला नाही एवढंच. प्रायॉरिटी दर दिशेला वेगळी लागते, केबल एकच असली तरी तिची दोन टोकं म्हणजे दोन वेगळ्या रांगा.

तर करायचं काय, स्विचच्या पोर्ट स्टॅटिस्टिक्समध्ये जा आणि प्रत्येक अपलिंकचे दोन्हीकडचे आउटपुट ड्रॉप किंवा डिस्कार्डचे आकडे लिहून घ्या, गर्दीच्या वेळेनंतर परत बघा, जिथे आकडा वाढला तिथे रांग. नुसत्या ग्राफवर जाऊ नका. पाच मिनिटांचा सरासरी ग्राफ २० टक्के दाखवत असतो आणि त्याच पाच मिनिटांत काही मिलिसेकंदांचे झटके येऊन पॅकेट पडत असतात. हिशोब बघा, ५१२ किलोबाइटचा बफर (पॅकेट थांबायची जागा) १ गिगाबिटच्या लिंकवर फक्त ४ मिलिसेकंदांत रिकामा होतो, म्हणजे तो भरून वाहायलाही तसाच निमिषभराचा झटका पुरतो आणि सरासरीत त्याचा मागमूस दिसत नाही.

दुसरी जागा म्हणजे स्पीड जिथे बदलतो ती. गिगाबिट सर्व्हर आणि समोर १०० मेगाबिटचा जुना फोन ज्याच्या पाठीमागे पीसी जोडलाय, तिथे त्या फोनच्या पोर्टवर रांग लागणारच. १५०० बाइटचं एक पॅकेट गिगाबिटवर १२ मायक्रोसेकंदांत जातं, १०० मेगाबिटवर त्यालाच १२० लागतात.

पोर्ट स्टॅटिस्टिक्सच्या पानावर सीआरसी एरर (वाटेत बिघडलेल्या पॅकेटची मोजणी) पण बघून घ्या. ते वाढत असतील तर केबल, कनेक्टर किंवा डुप्लेक्सची (दोन्ही दिशांनी एकदम पाठवायच्या सेटिंगची) गडबड आहे, आणि खराब केबलला प्रायॉरिटी देऊन काय उपयोग. आणि ड्रॉप स्विचवर कुठेच नाहीत, तरी आवाज तुटतोय, तर बहुतेक वेळा रांग इंटरनेटच्या लिंकवर आहे. ते काम राउटरचं, तिथे शेपिंग (बाहेर जाणारा वेग बांधून ठेवणं) लावावं लागतं, स्विचवर रात्र घालवू नका.

खुणा वाचायला शिका

स्विचला कसं कळणार कुठलं पॅकेट फोनचं आणि कुठलं बॅकअपचं? पॅकेटवर खूण असते. दोन ठिकाणी असते आणि नवीन माणसाचा गोंधळ होतो तो इथेच.

एक खूण व्हीलॅनच्या (एकाच स्विचवर पाडलेलं वेगळं आभासी नेटवर्क) टॅगमध्ये. ८०२.१क्यू चा टॅग ४ बाइटचा, त्यात ३ बिट प्रायॉरिटीचे, म्हणून किंमत ० ते ७. यालाच लोक ८०२.१पी, सीओएस किंवा पीसीपी म्हणतात, स्विचच्या पानावर यातलं कुठलंही नाव असू शकतं, वस्तू एकच. दुसरी खूण आयपी हेडरमध्ये, तिला डीएससीपी म्हणतात, ६ बिट, म्हणून ० ते ६३. १९९८ च्या आरएफसी (इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज) २४७४ मध्ये जुन्या टॉस (टाइप ऑफ सर्व्हिस) बाइटची ही नवी मांडणी आली आणि तीच आजपर्यंत चालू आहे.

फरक लक्षात ठेवा: टॅग काढला की पीसीपी गेला. ॲक्सेस पोर्टातून (जिथे पीसीसारखं साधं यंत्र जोडतात) फ्रेम, म्हणजे इथरनेटचं पाकीट, बाहेर पडताना टॅग निघतो, मग पुढच्याला ती खूण दिसतच नाही. डीएससीपी आयपी हेडरमध्ये असल्याने मुद्दाम कोणी पुसत नाही तोवर शेवटपर्यंत जातो. म्हणून मला विचाराल तर स्विचला डीएससीपी वाचता येत असेल तर त्यावरच काम करा, पीसीपी फक्त जिथे दुसरा पर्याय नाही तिथे.

आकडे पाठ करायला चौसष्ट नाहीत, चार-पाचच पुरतात. आवाजाला ४६, व्हिडिओ कॉलला ३४, कॉल लावण्या-तोडण्याच्या सिग्नलिंगला २४, साध्या ट्रॅफिकला ०, आणि बॅकअपसारख्या निवांत कामाला ८. ४६ बायनरीत लिहिलं तर १०१११०. यातले पहिले तीन बिट १०१ म्हणजे ५, म्हणून डीएससीपी ४६ चा जोडीदार पीसीपी ५. तसंच ३४ चा ४, २४ चा ३, ८ चा १. आणि ४६ च्या मागे दोन बिट शून्य जोडले की पूर्ण बाइट होतो १८४, काही फोनच्या सेटिंगमध्ये ४६ ऐवजी हा १८४ विचारतात. मी एकदा अशा ठिकाणी ४६ टाकून बसलो होतो आणि फोन भलतीच खूण लावत होता.

पीसीपीमध्ये एक गंमत आहे, १ हा ० पेक्षा खालचा मानला जातो, १ म्हणजे बॅकग्राउंड. काही स्विचच्या तक्त्यात हा उलटा क्रम पाळलेला असतो, काहींमध्ये सरळ चढता असतो, म्हणून डीफॉल्ट तक्ता एकदा डोळ्यांनी बघून घ्या.

गट पाडा, पण तीन-चारच

आता कागदावर लिहा तुमच्याकडे कुठलं ट्रॅफिक आहे. इथे प्रत्येकाला आपलंच काम महत्त्वाचं वाटतं, अकाउंटवाल्यांचं सॉफ्टवेअर, कॅमेरे, साहेबांचा लॅपटॉप, सगळ्यांना वरची रांग पाहिजे. सगळेच पालखीत बसले तर उचलणार कोण? वरच्या रांगेत सगळं टाकलं की परत एकच रांग झाली, फक्त नाव मोठं.

माझी विभागणी अशी असते: आवाज एकटा सगळ्यात वर, व्हिडिओ कॉल आणि सिग्नलिंग त्याच्या खाली, बाकी सगळं साधं, आणि बॅकअप, अपडेट वगैरे तळाला. कॅमेरे मी बहुतेक साध्यातच ठेवतो, चित्र अर्धा सेकंद उशिरा आलं तर कोणाचं काही बिघडत नाही. आवाजाचं तसं नाही, माणसाचं बोलणं एका बाजूने १५० मिलिसेकंदांपेक्षा उशिरा पोचलं की दोघं एकमेकांच्या बोलण्यावर बोलायला लागतात, आयटीयूच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ) जी.११४ शिफारशीतही हाच आकडा आहे.

एक सल्ला, सगळ्यात वरची, म्हणजे ७ नंबरची प्रायॉरिटी स्वतःच्या ट्रॅफिकला देऊ नका. ६ आणि ७ नेटवर्कच्या स्वतःच्या कामासाठी राखलेले असतात, स्पॅनिंग ट्री (केबलींचा लूप रोखणारी यंत्रणा) वगैरे. तिथे फोन घुसवून काही मिळत नाही, आणि लूप रोखणारी फ्रेम अडकली तर सगळंच बसेल.

ट्रस्ट: कुणाच्या खुणेवर विश्वास ठेवायचा

सुरुवातीला म्हटलं ना की अप्लाय दाबल्यावर आवाज आणखी तुटतो, ते इथे. बऱ्याच स्विचवर क्यूओएस चालू केलं की पोर्ट डीफॉल्टने अनट्रस्टेड होतात, म्हणजे फोन बिचारा ४६ लावून पाठवतोय आणि स्विच दारातच ती पुसून ० करतोय. सिस्कोच्या जुन्या २९६०, ३५६०, ३७५० मालिकांमध्ये एमएलएस क्यूओएस ही कमांड दिली की अगदी हेच होतं, शिवाय बफरचे रांगांमध्ये तुकडे पडतात त्यामुळे ज्याला आधी ड्रॉप नव्हते त्यालाही यायला लागतात. त्याच मालिकांत सीओएसवरून डीएससीपी बनवणारा डीफॉल्ट तक्ता ५ चं ४० करतो, ४६ नाही, तो हाताने बदलावा लागतो. इतर कंपन्यांच्या स्विचवर काहीजण पुसतात, काहीजण फक्त दुर्लक्ष करतात, म्हणून चालू करण्याआधी ट्रस्टचं पान उघडून ठेवा.

नियम सोपा आहे. स्विच ते स्विच अपलिंकवर डीएससीपी ट्रस्ट, दोन्हीकडे. फोन आणि फोन सर्व्हरच्या पोर्टवर ट्रस्ट. साध्या पीसीच्या पोर्टवर ट्रस्ट नाही, कारण उद्या कोणी आपल्या डाउनलोडला ४६ लावलं तर तो फोनच्याही रांगेत घुसेल. ज्या यंत्राला स्वतः खूण लावता येत नाही त्याच्या पोर्टवर डीफॉल्ट प्रायॉरिटी ठरवून द्या, उदाहरणार्थ बॅकअप सर्व्हरच्या पोर्टला ८ किंवा पीसीपी १. विंडोजवर बहुतेक ॲप्सनी मागितलेली खूण ग्रुप पॉलिसीतून परवानगी दिल्याशिवाय लागत नाही, ० च जाते, हे माहीत असू द्या, नाहीतर स्विचला शिव्या देत बसाल.

फोनच्या मागे पीसी जोडलेला असेल तर व्हॉइस व्हीलॅन वापरा. फोनचं ट्रॅफिक टॅग लावून, पीसीचं बिनटॅगचं, एकाच पोर्टवर दोन्ही वेगळे ओळखता येतात. एलएलडीपी मेड (स्विच आणि फोन यांनी एकमेकांना माहिती द्यायचा प्रोटोकॉल) चालू असेल तर स्विच फोनला व्हीलॅन, पीसीपी आणि डीएससीपी तिन्ही स्वतःच सांगतो, प्रत्येक फोनमध्ये हाताने भरायचं काम वाचतं. ते जमत नसेल तर मॅक ॲड्रेसच्या पहिल्या तीन बाइटवरून फोनची कंपनी ओळखणारी ओयूआय यादी असते, तीही चालते.

रांगा आणि वेट

आता खरं पान. समजा तुमच्या स्विचला ४ रांगा आहेत. डीएससीपी ते रांग या तक्त्यात ४६ ला चौथी रांग, ३४ आणि २४ ला तिसरी, ० ला दुसरी, ८ ला पहिली. उरलेल्या नंबरांना हात लावू नका. पण आधी रांगांचा क्रम तपासा, काही स्विचवर मोठा नंबर वरचा असतो, काहींवर १ नंबरचीच रांग सगळ्यात वरची, काहींवर मोजणी ० पासून. इथे उलटं झालं तर बॅकअप राजा होतो आणि फोन भिकारी, आणि दिसायला सगळं बरोबर दिसतं.

मग शेड्युलर. दोन जाती आहेत. स्ट्रिक्ट प्रायॉरिटी म्हणजे वरच्या रांगेत एक जरी पॅकेट असलं तरी खालच्यांनी थांबायचं. दुसरी डब्ल्यूआरआर म्हणजे पाळीपाळीने, पण वेट जास्त त्याला पाळ्या जास्त. सगळ्या रांगा स्ट्रिक्ट ठेवल्या तर वरचा कोणी बेफाम सुटल्यावर खालचे उपाशी मरतात, आणि आवाज पाळीपाळीत टाकला तर त्याला मध्येमध्ये थांबावं लागतं. म्हणून आवाजाची एकच रांग स्ट्रिक्ट, बाकी तिघी डब्ल्यूआरआर. बहुतेक स्विच हे मिश्रण करू देतात.

आवाजाला स्ट्रिक्ट द्यायला घाबरू नका, हिशोब करू. जी.७११ चा (आवाज डिजिटल करायची एक पद्धत) एक कॉल, सेकंदाला ५० पॅकेट, प्रत्येकात १६० बाइट आवाज, त्यावर हेडरचे बाइट, आरटीपी १२, यूडीपी ८, आयपी २० आणि इथरनेटचे १८, झाले २१८ बाइट. ५० ने गुणा, बिटमध्ये करा, साधारण ८७ किलोबिट. २४ फोन एकदम बोलले तरी एका दिशेला सव्वादोन मेगाबिटच्या आत, हजार मेगाबिटच्या लिंकवर हे म्हणजे दर्या में खसखस. व्हिडिओचं असं नाही, तो पसरतो, म्हणून त्याला स्ट्रिक्ट नको. स्विच देत असेल तर स्ट्रिक्ट रांगेवर एक वरची मर्यादाही लावून ठेवा, कोणी चोरून ४६ लावलं तरी नुकसान तेवढ्यावरच थांबतं.

बाकी तिघींना वेट ४, ४, १ दिलं तर? एकूण ९ वाटे, तिन्ही रांगा पूर्ण भरलेल्या असताना बॅकअपला नववा हिस्सा, म्हणजे ११० मेगाबिटच्या आसपास. पण बाकीच्या रिकाम्या असल्या की तोच बॅकअप पूर्ण लिंक वापरतो, वेट म्हणजे कुलूप नाही, ओढाताण झाली तरच त्याचा अर्थ. बॅकअपवाल्यांना हे आधीच सांगून टाका, नाहीतर त्यांना वाटतं त्यांचं पाणीच तोडलं. रेट लिमिट मात्र वेगळी चीज, ती लिंक रिकामी असली तरी अडवते, म्हणून जिथे खरंच गरज आहे तिथेच.

फ्लो कंट्रोल (समोरच्याला थोडं थांब म्हणणारी सोय) ज्या पोर्टवर प्रायॉरिटी लावताय तिथे बंद करा. त्याची पॉज फ्रेम अख्खं पोर्ट थांबवते, तिला आवाज आणि बॅकअप यातला फरक कळत नाही, मग तुमच्या चार रांगा एकदम उभ्या राहतात.

आणि हो, वायफाय मध्ये असेल तर ॲक्सेस पॉइंटची मॅपिंग बघा. काही ॲक्सेस पॉइंट डीएससीपीचे नुसते पहिले तीन बिट घेतात, ४६ चे झाले ५, आणि वायफायमध्ये ५ म्हणजे व्हिडिओचा गट, आवाजाचा ६ पासून सुरू होतो. २०१८ च्या आरएफसी ८३२५ मध्ये ४६ ला ६ द्या असं स्पष्ट म्हटलंय.

चालतंय का ते बघायचं कसं

कामाच्या वेळेत चालू करू नका आणि आधी जुनी कॉन्फिग फाइल उतरवून घ्या. एका वेळी एकच स्विच.

तपासायला गर्दी स्वतः करावी लागते. दोन मशीनवरून आयपर्फ३ (स्पीड तपासायचं टूल) ने यूडीपी ट्रॅफिक एकाच अपलिंकमधून ढकला, दोन्ही मिळून लिंकपेक्षा जास्त, म्हणजे प्रत्येकी ९०० मेगाबिट धरा. लिंक भरली की तिसऱ्या मशीनवरून, तिच्या पोर्टला तेवढ्यापुरतं ट्रस्ट देऊन, त्याच वाटेने पलीकडच्या मशीनला दोन पिंग चालू करा, एक साधा आणि एक खूण लावलेला, लिनक्सवर पिंगच्या पुढे डॅश, कॅपिटल क्यू आणि १८४. साधा पिंग पडायला पाहिजे किंवा वेळ वाढायला पाहिजे, खुणेचा एक मिलिसेकंदाच्या आसपास शांत राहायला पाहिजे. दोन्ही सारखेच पडत असतील तर कुठेतरी ट्रस्ट राहिलाय, दोन्ही सारखेच छान असतील तर गर्दीच झालेली नाही. पिंग स्विचच्या स्वतःच्या आयपीला करू नका, त्याचा प्रोसेसर सवड मिळेल तसं उत्तर देतो, त्यावरून काही कळत नाही. आणि आता दिशा उलटी करून सगळं परत करा, मी तेव्हा जे केलं नव्हतं ते.

खूण कुठे पुसली जातेय ते शोधायला पोर्ट मिररिंग (एका पोर्टच्या ट्रॅफिकची नक्कल दुसऱ्या पोर्टवर) लावून वायरशार्कमध्ये (पॅकेट उघडून दाखवणारं सॉफ्टवेअर) डीएससीपीचा आकडा बघा, फोनजवळ, अपलिंकवर, सर्व्हरजवळ, जिथे ४६ चं ० झालं त्याच्या आधीचा स्विच दोषी. पीसीपी मात्र बऱ्याच लॅपटॉपवर दिसतच नाही, नेटवर्क कार्डचा ड्रायव्हर टॅग आधीच काढून टाकतो, म्हणून टॅग दिसला नाही तर लगेच स्विचवर ठपका ठेवू नका.

सगळं जमलं की सेव्ह. अप्लाय म्हणजे सेव्ह नाही, बऱ्याच स्विचवर चालू कॉन्फिग वेगळी आणि स्टार्टअपची वेगळी, कोपऱ्यात एखादं छोटं सेव्ह बटण लुकलुकत असतं ते दाबायचं राहतं आणि पुढच्या वेळी वीज गेली की सगळं पुसलं जातं. सेव्ह करून एकदा मुद्दाम रीस्टार्ट करा, ट्रस्टचं पान परत उघडून बघा, रांगांचे ड्रॉप काउंटर शून्य करा, आणि आठवडाभराने परत येऊन बघा: तळाच्या रांगेत ड्रॉप दिसले तर ठीक आहे, स्ट्रिक्ट रांगेत एक जरी दिसला तर त्या रांगेत फोन सोडून दुसरं कोणीतरी घुसलंय.